विनीचा शुक्रवारचा कागद

इंग्लंडमधल्या लँकाशर परगण्यातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात विनी ऑग्डन एकोणीस वर्षं मुलांना जेवण वाढत होती. अंगाने बारीक, चालणं लगबगीचं आणि तोंडात सदा ‘सॉरी’. दुसऱ्याने हिच्या पायावर पाय दिला तरी सॉरी हीच म्हणायची. एकदा टपालपेटीला धक्का लागला, तर तिलाही म्हणाली. तिकडे सगळ्यांनाच ही सवय, विनीला जरा जास्त. रविवारी चॅपेलमध्ये मागच्या बाकावर बसून ती देवाचीही अशीच हळू आवाजात क्षमा मागायची. कशाबद्दल, ते तिचं तिला ठाऊक.

मंगळवारी मात्र खरंच काही घडलं. सात वर्षांच्या इमोजेनला दूध सोसत नसे, म्हणून तिचं कस्टर्ड निळ्या भांड्यात वेगळं ठेवलेलं असायचं; दोन्ही भांड्यांवर चिठ्ठ्या असायच्या. घाईत विनीने पांढऱ्या भांड्यातलं वाढलं. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, छाती घरघरायला लागली, अँब्युलन्स आली. देवाची कृपा, बुधवारी पोर घरी परतली. पण मुख्याध्यापिका मिसेस प्रेंडरगास्ट यांनी विनीला बोलावून सांगितलं, “काय घडलं ते शुक्रवारी तीनपर्यंत लेखी द्या. तुम्हाला ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरेल.”

गुरुवारी दुपारी घरच्या टेबलावर कागद कोराच होता.

“‘रिग्रेट’ लिही,” शेजारची डिनीस म्हणाली. ती कामगार संघटनेचं काम बघायची. “घडल्या प्रकाराचा खेद वाटतो, एवढंच. ‘अपॉलजाइझ’ लिहिलंस की दोष तुझ्या गळ्यात पडलाच. मग मला काही करता येणार नाही.”

“खेद तर रेल्वेवालेही करतात,” विनीचा नवरा क्लिफर्ड म्हणाला. “गाडी तासभर उशिरा, आणि खेद नेमका कुणाला वाटतोय त्याचा पत्ता नाही.”

“तू गप रे क्लिफ. नोकरी तुझी जाणार आहे का?”

“मग नुसतं सॉरी लिहू?” विनीने विचारलं.

“मुख्याध्यापिकेला? अगं, ते चहा सांडल्यावर म्हणायचं.”

डिनीस गेली. विनीने सुंदर अक्षरात ‘रिग्रेट’चं वाक्य लिहिलं आणि मोठ्याने वाचून पाहिलं. कसं इस्त्री केल्यासारखं वाक्य! पण त्यात कस्टर्ड कुणी वाढलं तेच नव्हतं. ते आपोआप ताटलीत पडल्यासारखं वाटत होतं. रविवारी देवापुढे हेच वाचायचं का? सॉरी तर ती टपालपेटीलाही म्हणाली होती, त्यात पोरीसाठी काय उरलं? राहिला तो तिसरा शब्द, ‘अपॉलजाइझ’. तो लिहायचा तर उभं राहून, आपलं नाव घेऊन, काय केलं तेही सांगावं लागत होतं.

तिने कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: मी माफी मागते, आय अपॉलजाइझ. भांडं मीच उचललं. त्यावरची चिठ्ठी मी वाचली नाही. दुसऱ्या कुणाची चूक नाही.

शुक्रवारी मिसेस प्रेंडरगास्टनी कागद दोनदा वाचला. विनी खुर्चीच्या काठावर बसली होती.

“हे कुणी लिहायला सांगितलं?”

“कुणी नाही, बाई. सांगणाऱ्यांनी दुसरंच सांगितलं होतं.”

बाईंनी कागद घडी घालून फायलीत ठेवला. “सोमवारपासून तुम्ही वाढायचं नाही. भांडी धुवायला या. ताकीद लेखी मिळेल. पुन्हा असं झालं, तर मात्र मी ठेवू शकणार नाही.”

सोमवारी बाराची घंटा झाली तेव्हा विनीचे हात कोपरापर्यंत गरम पाण्यात होते. भिंतीपलीकडे जेवणघरात आता दुसरीच बाई वाढत होती. विनीने नळ बंद केला आणि कान देऊन ऐकत राहिली. इमोजेनच्या टेबलावरची मुलं हसत, खुर्च्या सरकवत मैदानाकडे पळाली, त्यांत इमोजेनचाही आवाज ऐकू आला, तेव्हा कुठे तिने पुढची ताटली उचलली.