मावशींची वाटी

रविवारची जेवणं आटोपली की सगळी बिल्डिंग कशी गपगार पडते. केतकीही भरलेल्या बॅगेला टेकून जराशी लवंडते. झोपायचं नाहीये तिला. संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला जायचंय, नोकरी सोडून, अभिरामकडे कायमचं राहायला. कायमचं म्हणजे काय, तर त्याची आई आली की या बाईसाहेबांनी हॉस्टेलवर मुक्काम हलवायचा! त्यानं तसं सांगितलं आणि हिनं मुकाट्यानं "चालेल" म्हटलं.

डोळा लागतो न लागतो तोच ओट्याशी कुणीतरी खुडबुडतं. समोरच्या दारातल्या इंदूमावशी. त्या थंडीतच गेल्या, हे केतकीला पक्कं आठवतंय. पण असं तोंडावर कसं म्हणायचं?

"माझी वाटी कुठंय गं?" मावशी विचारतात.

केतकीला ती वाटी आठवते. ती टायफॉइडनं आडवी होती तेव्हा मावशी त्या वाटीतून मऊभात आणून भरवायच्या. वाटी इथंच राहिली. पुढे मावशी दवाखान्यात पडल्या, आणि ही? ही सुट्टी मिळाली की अभिरामसाठी डबे भरून पुणं गाठायची. मावशींना भेटायला उद्या जाऊ, परवा जाऊ. राहिलंच ते.

"देते हं, शोधते," म्हणत ती मांडणीत हात घालते. मांडणी लांबतच जाते आणि थेट एसटी स्टँडवर निघते. गाडीच्या खिडकीतून अभिराम डबा पुढे करतो. मोबाइलवरून नजर काही उचलत नाही. "पुढच्या वेळी तिखट कमी."

मावशी डबा उघडतात. "शी! विसळलासुद्धा नाही मेल्यानं. आणि आत काय घातलंय?"

"काही नाही."

"कधीच नाही?"

केतकी घाईघाईनं डब्याला झाकण लावायला बघते.

"अगं, शेजारणीची वाटी परत करताना आपण चिमूटभर साखर तरी घालतो."

केतकीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. "मी तर तुमची वाटी रिकामीसुद्धा आणून दिली नाही, मावशी. मी कोणत्या तोंडानं त्याला बोलू?"

मावशी रागावत नाहीत, आणि तेच तिला जास्त लागतं. तिचा हात हातात घेऊन त्या म्हणतात, "तुला निदान लाज वाटतेय. त्याला वाटते का, बघ बरं."

ती बघते. अभिराम मोबाइलवर कुणाशी तरी खुशाल हसतोय. गाडी सुटते.

केतकी दचकून उठते. मूठ घट्ट मिटलेली. उघडते, तर तळहाताला साखरेचे दाणे चिकटलेत.

मग ती मांडणीतली सगळी भांडी खाली काढते. वाटी अगदी मागे सापडते. हातावरची साखर ती आधी तिच्यात झटकते, वर डब्यातली घालते आणि समोरची बेल दाबते. मावशींची सून रेवती दार उघडते.

"मावशींची वाटी," केतकी म्हणते. "फार उशीर केला गं मी."

रेवती वाटीकडे बघत राहते. केतकीच्या घरात फोन वाजायला लागतो.

"तुझा फोन," रेवती डोळे पुसत म्हणते. "घाईत आहेस का? मी चहा टाकत होते."

"नाही गं," केतकी म्हणते आणि चपला काढते.