एका मुलामागे एक तास

रुक्माबाई चोळी उलटी घालत. शिवण बाहेर, धागे लोंबताहेत, आणि बाई खुशाल बाजारात. आमच्या यांच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही तंजावूरला आलो, त्या वर्षी गल्लीत घरोघर केबल येत होती आणि माझी सहा वर्षांची जुई अंगावर कपडे ठेवायला तयार नव्हती. बोलत तर नव्हतीच. डॉक्टर म्हणाले, मंद आहे. मग कुणीतरी या बाईंचं नाव सांगितलं. मद्रासला शिकून आलेल्या, न बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या, आणि घरात मराठी बोलणाऱ्या. किंचाळणाऱ्या जुईला उचलून मी तिथे नेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. जुईचा फ्रॉक काढला, उलटा केला, परत घातला. जुई गप्प झाली. रडायला लागले ती मी.

"शिवण चावते," भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या. "मजही चावते. लेकरास दुरुस्त करूं नको. त्यास काय टोचतें, तें काढ."

त्यांचं मराठी असं, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्यांचं, माझ्या पणजीच्या वेळचं, वर तमिळ हेल. आपण जुईसारख्याच आहोत हे त्यांनीच सांगितलं. शाळेत घंटा झाली की टेबलाखाली जाऊन बसत, म्हणून नोकरी गेली. अशा माणसाला तेव्हा आमच्याकडे 'विक्षिप्त' याखेरीज शब्द नव्हता. त्यांचा नियम एकच. एका मुलाला शिकवून झालं की एक तास दाराला कडी. आत अंधार करून, डोक्यावर ओला पंचा घेऊन बसत. "मी लहान भांडें आहें," म्हणत. "भरलें की ओतायास पाहिजे."

आठ महिन्यांत जुईनं हात चावणं सोडलं. पाणी हवं असलं की पेल्याचं चित्र आणून देऊ लागली. मी गावभर सांगत सुटले. मग कावेरीकाठच्या खेड्यांतून पहिल्या बसनं आया येऊ लागल्या. ओसरीवर, तिला इथे तिण्णै म्हणतात, पाळी लावायचं काम मी अंगावर घेतलं. रुक्माबाईंनी ओसरी दिली आणि म्हणीतल्या भटासारखे मी हातपाय पसरले.

"अक्का, आणखी एक घेतलं तर चालेल ना?" मी विचारी. त्या गप्प. गप्प म्हणजे होकार, असं मी धरून चाले. दुसऱ्या दिवशी मी पायरी चढायच्या आत त्या दारात उभ्या असत. "नको." तोवर त्या मायलेकरांची बस गावाहून निघालेली असे.

"मज नको म्हणायास एक दिवस लागतो," एकदा त्या काकुळतीनं म्हणाल्या. "तूं एक दिवस थांबत जा."

"आयांना कसं थांबवू, अक्का?" मी म्हणाले. नाव आयांचं घेतलं. खरी भीती ही, की नियम पाळला तर नव्यांसाठी जुईची रोजची पाळी जाईल. कडीच्या तासाचा अर्धा तास झाला, मग पाव. रुक्माबाई भात खाईनात. शेजारचा टीव्ही लागला की कानशिलं दाबून धरत. जुईचं असं झालं असतं तर मी जग थांबवलं असतं.

मग एक दिवस एक बाई आली, तिरुवैयारुच्या पलीकडून, मुलाला पाठीशी बांधून. रुक्माबाईंची त्या दिवशी पाच मुलं शिकवून झाली होती, आतून कडी होती. "अम्मा, परतीची बस जाईल," म्हणत ती माझ्या पाया पडू लागली. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. शेवटी मुठींनी बडवलं. आतून धप्प धप्प आवाज येऊ लागला. लोकांनी कडी उचकटली तेव्हा रुक्माबाई भिंतीवर कपाळ आपटत होत्या, रक्त पापणीपर्यंत आलं होतं. मी त्यांचा हात धरला, तर त्या आणखी जोरात आपटू लागल्या. अशा वेळी हात लावायचा नसतो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

चौथ्या दिवशी त्यांचे भाऊ कोइमतूरहून गाडी घेऊन आले. तोवर त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यांना गाडीत बसवलं, तेव्हा मी जुईला घेऊन खिडकीपाशी गेले. क्षमा मागायची होती. तोंडातून निघालं, "अक्का, एकदा हिच्याकडे बघा ना."

त्यांनी मिटलेले डोळे उघडले आणि जुईकडे हात पुढे केला. खरंच केला. भावानं तो धरून आत घेतला.

"अजून किती पाहिजे तुम्हांस?" ते म्हणाले, आणि काच वर गेली.

जुई रस्त्यात बसून हात चावू लागली. मला लाज वाटली, फार वाटली. पण गाडी वळायच्या आत मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारत होते, कोइमतूरची बस किती वाजता सुटते?