वाऱ्यावरही भरवसा नसलेला शालक

माझ्या शालकाइतका संशयी माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. शालक म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मी जळगावला दालमिलमध्ये पोती वाहिली, त्याने चोपड्याकडे तापीत शिडाची नाव चालवून मासे धरले. बाकीच्यांनी इंजिनं बसवली, याने नाही. म्हणे, इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही, शीड निदान डोळ्यांसमोर फाटतं. पण शिडावर तरी विश्वास असावा? रोज सकाळी ते उन्हाकडे धरून, सोनार मोडीतला दागिना बघतो तसं बघणार. आणि वारा चांगला लागला की हमखास खाली उतरवणार. "इतला सरळ वारा? हाऊ लबाड शे," असं म्हणून घाम गाळत वल्ही मारत बसणार.

संध्याकाळी नाव निंबाला बांधून निघाला की अर्ध्या वाटेवरून परत फिरायचा, गाठ बघायला. माझी बायको एकदा चिडून म्हणाली, "अरे, गाठ काय पळी जाई का?" तर हा गंभीरपणे म्हणतो, "गाठ नही पळत अक्का, नाव पळस." नावेच्या तळाशी ओल दिसली की बोट बुडवून चाखायचा. एकदा मासे घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याचा चहा सांडला होता. याने बोट चाटलं आणि हात जोडले, "साखर शे. नाव ठीक शे." कोणी एकाने त्याला बुडू नये म्हणून घालायचं नारिंगी जाकीट आणून दिलं. याने त्याला दगडांची पिशवी बांधून ते आधी पाण्यात सोडलं. जाकीट तरंगलं, तर दिवसभर याचं तोंड उतरलेलं.

उन्हाळ्यात माझी बायको गेली. पोरं आली, रडली, डबा लावून दिला आणि आपापल्या कामाला लागली. मला घर खायला उठायचं. एक दिवस एस.टी. धरली आणि शालकाकडे गेलो. म्हटलं, मला नदीच्या मध्यावर घेऊन चल. का, ते सांगितलं नाही. खरं म्हणजे माझ्या मनात काय होतं ते मलाच धड ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला, त्या शिडाकडे बघतो तसा. मग दोर आणला, एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या.

मी भडकलो. "मी काय बैल शे का रे?"

"बैलले पोहता येस, दाजी. तुमले नही."

"मग जाकीट दे. दोर कशाले?"

"जाकीट काढता येस." गाठ ओढून बघत तो हळूच म्हणाला, "अक्का गई तवयपासून तुमना भरवसा वाटत नही."

मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. त्याने त्या ऐकून घेतल्या आणि नाव सोडली. मध्यावर पोचलो. मी पाण्याकडे वाकलो की दोर ताठ व्हायचा. तो शिडाकडे बघत नव्हता, वाऱ्याकडेही नाही. त्या दिवशी वाऱ्यावर त्याने पहिल्यांदा भरवसा टाकला असावा. मी तिथे बसून पोटभर रडलो. बायको गेल्यापासून तेवढं राहिलंच होतं. मग आम्ही काठाला आलो.

तेव्हापासून दर आठवड्याला त्याचा फोन येतो. "दाजी, नाव गळी ऱ्हायनी. फटी भराले या." मी जातो. आम्ही नाव वाळूवर पालथी घालतो, मी फळ्यांच्या फटीत कापूस कोंबतो, तो वरून डांबर लावतो. पण आता संशय मलाच येतो. एकच नाव दर आठवड्याला एकाच जागी कशी गळते? मागच्या खेपेला मी लवकर पोचलो. हा वाळूत उकिडवा बसून, खिळ्याने टोकरून, मी भरलेला कापूस बाहेर काढत होता. चांगला घट्ट बसलेला कापूस.

त्याने मला पाहिलं नव्हतं. मी तसाच मागे फिरलो, निंबाच्या पलीकडे जाऊन बसलो, आणि आणलेला नवा कापूस सावकाश पिंजत राहिलो, त्याचं काम होईपर्यंत.