काकांचा वॉच

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

काकांच्या पंचाहत्तरीला मी देवरूखहून आले, त्यांचा मुलगा, माझा दादा, मुंबईहून. सकाळी दादा मला घेऊन रत्नागिरीच्या बाजारात गेला. साखळीचं खिशातलं घड्याळ घ्यावं की हिरव्या पट्ट्याचं मिलिटरीवालं, यावरून त्याने दुकानदाराचा जीव खाल्ला. शेवटी मिलिटरीवालं घेतलं. "काटे अंधारात चमकतात बघ!"

भाट्याला घरी आलो तेव्हा काका काकीला कुशीवर वळवत होते. शिमग्यापासून ती अंथरुणावर आहे. तिचं सगळं काकाच करतात.

"बाबा, तुमच्यासाठी वॉच आणलंय."

काका दचकले. त्यांची उभी हयात बोटीवर गेली. तिथे वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी.

"आता आणि कसला वॉच रे?"

दादा हसला आणि घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधायला लागला. काका त्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "बोटीवर वॉच संपला की दुसरा माणूस यायचा मला सोडवायला. इथे कोण येणार?"

"बाबा, हात जरा वर धरा, फोटो काढतो."

दादाने लगेच टाकलेला तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. खाली बदाम टाकून आलात ना?

दादा उद्या परत चाललाय. काटे अंधारात चमकतात, ते एक बरं झालं. काकीला वळवायची वेळ झाली की काकांना दिवा लावायला नको.

तुमच्या घरी सध्या वॉचवर कोण आहे? आणि त्याला सोडवायला कोण जाणार आहे?