सरूचे न उघडलेले तोडे

निरोप घेऊन आलेल्या माणसाने सरू गेली असं म्हटलंच नाही. तो पाणी प्याला, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि म्हणाला, ‘‘बाईनं बलावलं हाय. दमणी जुपा.’’ असा निरोप कशाचा असतो ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी वांग्यांना पाणी देत उभा होतो. फावडं तिथंच टाकलं आणि निघालो. तिवशाहून बडनेऱ्याकडचं माझ्या बहिणीचं गाव काही जवळ नाही, बैल कितीही हाणले तरी एक रात्र वाटेत जातेच. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपून लोक नदीवरून परतलेही होते. माझ्या भाचीचं तोंड मला दिसलं नाही. दारात पहिल्यांदा दिसले ते बहिणीच्या नवऱ्याचे बैल, अंगावर ऊन चकाकत होतं, निवांत रवंथ करत होते... आणि आतून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं.

सरू म्हणजे माझी धाकटी बहीण अंजना, तिची थोरली लेक. पहिलं बाळंतपण म्हणून सासरहून, अकोटाहून माहेरी आली होती. सोळा-सतरा वर्षांची असेल, पण लांबून पाहिली तर कुणीही म्हटलं असतं की ही पोरगी अजून सागरगोटे खेळते. दोन दिवस, दोन रात्री अडली. सुईण हात धुऊन बाहेर आली आणि ओसरीवरच्या सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘इचं अंग वाढलंच नाई, माय. वाट केवढीशी ठेवली देवानं!’’ पोर जिवंत निघाली, सरू राहिली नाही. देवाने ठेवली म्हणे! तेव्हा मीही तेच धरून बसलो, देवावर चिडलो, दोन दिवस अन्न गिळलं नाही. कुणावर चिडायचं ते मला पुढे कळलं.

सरू चालायला, बोलायला लागली तेव्हा ते घर असं नव्हतं. अंजनाचा नवरा, आमचा जावई महादू, याच्या विहिरीवर केळी होत्या, मेथी, वांगी, चवळीच्या शेंगा होत्या, आणि विहिरीपलीकडच्या काळ्या रानात जवारी-तूर. दारात गाय होती. अमरावतीच्या बाजारात माळव्याची टोपली घेऊन अंजना बसली की सरू टोपलीमागे बसून कच्ची गाजरं खायची. ती पाच वर्षांची असेल-नसेल, तेवढ्यात तिकडे समुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाचं सोनं झालं. आता हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ज्यांच्या अंगावर धड बंडी नव्हती त्यांच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगरमाळा आल्या! महादूने केळी उपटल्या. मेथीचे वाफे मोडले. जवारीच्या रानात कापूस, तुरीच्या रानात कापूस, चराईच्या पडिकात कापूस. गाईला चारा कुठला आणणार म्हणून गाय विकली आणि तिच्या जागी गाडीचा बैल बांधला. मी जवारीच पेरत राहिलो म्हणून चारचौघांत तो मला चिडवायचा, ‘‘पाव्हणे, तुमी काय पाखरायसाठी शेती करून राहिले काय?’’ मी म्हणायचो, ‘‘पाखरं अन् पोरं, दोघायसाठी.’’ लोक हसायचे. त्याच्याकडे बघून जास्त हसायचे, कारण चांदी त्याच्याकडे होती.

पण मनाचा कोता नव्हता हो महादू, खोटं कशाला बोलू? त्या भरभराटीत त्याने अमरावतीच्या एकाच सोनाराकडून दोन जोड तोडे करून घेतले, एक सरूला आणि एक माझ्या लेकीला, गंगीला. दोघी एका उन्हाळ्यातल्या, अवघ्या दीड महिन्याचं अंतर, तेव्हा आठेक वर्षांच्या. आपल्याकडे वाढत्या पोरीचे तोडे सैलच करतात. आत चिंधी गुंडाळायची म्हणजे पायात बसतात, पोर वाढली की चिंधी सोडायची, आणखी वाढली की सोनार पेच उघडून घेर वाढवून देतो. दोघींना एकाच पाटावर बसवून तोडे घातले. अंजनाने स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून दोघींच्या तोड्यांना गुंडाळली. दोन्ही पोरी अंगणभर छुमछुम करत धावल्या. महादू ओसरीवर मांडी घालून बसला होता, त्याचे डोळे भरून आले होते. मी पाहिलंय ते.

तोडे घातल्यापासून तिसऱ्या वर्षी गंगीची चिंधी सुटली. पाचव्या वर्षी पेच उघडला. सरूची चिंधी तशीच! आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती अंजनाबरोबर आमच्याकडे यायची तेव्हा दोघी झोक्यावर उभ्या राहायच्या, आणि गंगीचा खांदा होता तिथं सरूचं डोकं. महादू कौतुकाने म्हणायचा, ‘‘तुमची पोट्टी चांदी फाडून राहिली, पाव्हणे! माही पाहा, एकदा केलं ते केलं. शिस्तीत वाढते.’’ आणि त्याला ते खरंच भूषण वाटत होतं. दागिना मोडावा लागला नाही, घडणावळ पुन्हा पडली नाही, पोरगी नाजूक, देखणी. गावातल्या बायकाही म्हणायच्या, नशीबवान आहे, बाहुलीसारखी राहिलीय.

आता जवारीचं सांगतो, कारण माझा घात तिथं झाला. कापसाने रानं खाल्ली तेव्हा वऱ्हाडात जवारी दिसेनाशी झाली, आणि दिसली तर तिला हात लावायची सोय राहिली नाही. एका आखाजीला अंजना चुलीपाशी माझ्या बायकोला म्हणाली, घरात चांदी हाय पन दाना नाई. मी ते ऐकलं. त्याच वर्षापासून मळणी झाली की जवारीची एक भरलेली गाडी मी बडनेऱ्याकडे धाडू लागलो. भाचरांच्या तोंडची म्हणून धाडायचो. माझी बायको निवडून, पाखडून द्यायची, एक खडा नाही राहू द्यायची त्यात. गाडी उतरवून घेताना महादू गहिवरायचा, मला मिठी मारायचा. दर वर्षी. सरूचं लग्न होईपर्यंत माझी गाडी एकदाही चुकली नाही, एका साली तर आम्ही स्वतः तुरीच्या घुगऱ्यांवर दिवस काढले आणि गाडी पाठवली.

आणि मी स्वतः जायचो तेव्हा काय दिसायचं? सण! मामा आला म्हणून पुरण शिजायचं, तूप यायचं कुठून तरी. सरू माझ्या शेजारी बसून अशी तुटून पडायची आणि मग परसात जाऊन सगळं ओकायची. ‘‘हळू खा ना वं, कोन पळवून नेते तुयं?’’ मी रागवायचो. एकदा तोंड धुऊन आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘‘मामा, तू रोज येत जाय ना. तू आला का पोळी भेटते.’’ मी तिच्या डोक्यावर टपली मारली. भाचीचा लाड वाटला मला. पोर अख्खी गोष्ट एका वाक्यात सांगून गेली होती.

तोवर महादूच्या बैलजोडीचं नाव अकोल्याच्या बाजारापर्यंत गेलं होतं. कापसाची गाडी भरून ते निघाले की लोक रस्त्याकडेला थांबून बघायचे. पाठीवरून पाणी ओघळावं अशी कांती. अमरावतीच्या कापूसबाजारात चार माणसांसमोर मी त्याला विचारलं, ‘‘जवाई, खाऊ काय घालता यायले? सरकी तं समद्यायचेच बैल खातात.’’ तो माझ्या पाठीवर हात ठेवून हसला आणि म्हणाला, ‘‘तुमचीच मेहरबानी हाय, पाव्हणे.’’ ते चौघेही हसले. मी मनात म्हटलं, काय गोड बोलतो माणूस!

मग गोवर आला. आमच्याकडेही आला, त्यांच्याकडेही आला. गंगी आठ दिवस तापाने फणफणली, आणि विसाव्या दिवशी चिंचेवर चढलेली सापडली. तिकडे सरूच्या पाठचा भाऊ, तीन वर्षांचा, गेला. सरू वाचली पण तिचं पोट पुढे कधी धरलंच नाही. सगळे म्हणाले देवीचा कोप. अहो, देवी दोन्ही घरांत आली होती ना? मग एका घरातून हात हलवत गेली आणि एका घरातून पोर घेऊन गेली, हे कसं? हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. त्या घरावर तर चांदीचं छत्र होतं, तिथं पोरं भुकेने खंगतात असं कुणाच्या डोक्यात येणार...

पुढे तिकडची लढाई मिटली, भाव कोसळले, चांदीच्या घुंगरमाळा एकेक करून उतरल्या. बडनेऱ्याला आगगाडी आली तशी लांब जाणाऱ्या बैलगाड्यांचीही गरज उरली नाही. बैल मात्र महादूने विकले नाहीत. सरूचं लग्न अकोटाला झालं. तिला मांडवात मी उचलून आणली, मामाचा मान. एवढीशी हलकी लागली की मला हसू आलं, कानात म्हटलं, ‘‘जेवली का नाई वं आज?’’ तीही हसली. शेवटची भेट या पौषात. सात महिन्यांची गरोदर होती, माझ्या हातचं मेथीचं बी घेऊन गेली, म्हणाली बाळंत झाल्यावर अकोटाच्या परसात पेरीन. पायात तेच तोडे, आणि तीच हिरवी चिंधी, विटून मातकट झालेली.

दिवस झाले, गोड जेवण झालं, मी निघायला म्हणून दमणीपाशी आलो. अंजना मागोमाग आली आणि बैलाच्या शिंगाला धरून उभी राहिली. म्हणाली, ‘‘दादा, तुयी जवारी तिच्या पोटात कधी गेलीच नाई.’’

मला समजेना. मग तिने सांगितलं. माझी जवारी दळून, गूळ घालून, त्याचे गोळे करून बैलांना जात होते. कापूस लांब न्यायचा तर बैल तगडे पाहिजेत, हे महादूचं म्हणणं. ते गोळे वळायला कोण बसायचं? सरूच! वळता वळता बोटं चाटायची तेवढीच तिची. पंगतीत आधी गडीमाणसं, मग पोरगे, मग उरलं तर कण्यांची आंबील, त्यात माय-लेकी. सगळं सगळं बायकांना ठाऊक होतं. गड्यांना ठाऊक होतं. त्या बाजारातल्या चौघांनाही ठाऊक असेल आणि म्हणूनच तेही हसले असतील. एक मीच तेवढा गाडी भरून देणारा येडा!

‘‘मले काहून नाई सांगतलं?’’ मी ओरडलो. ‘‘दहा वर्सं, अंजना! माह्या पाठची बहीण तू!’’

ती खाली बघत म्हणाली, ‘‘सांगतलं असतं तं तू भांडला असता. मंग तुयं येनं बंद झालं असतं. तू येत होता म्हनून तरी तिले पोळी भेटे, दादा.’’

ती रडत होती, मी रडलो नाही. महादूकडे गेलो. तो गोठ्यात होता. वाटलं होतं, गळा धरावा. तो मला बघूनच बोलू लागला, ‘‘पाव्हणे, म्या का तिले उपाशी ठेवलं? गावात कोन्या पोट्टीच्या पायात एवढी चांदी होती? समदं तिच्यासाठीच करून राहिलो होतो ना म्या...’’ आणि ढसाढसा रडला. नाटक नव्हतं ते. तेच तर! त्याला कळलंच नव्हतं, आजही कळलेलं नाही. लबाड माणसाशी भांडता येतं. या माणसाशी मी कोणत्या तोंडाने भांडू, ज्याने माझ्या भाचीला आपल्या हाताने मारलं आणि तिच्यासाठी माझ्याहून जास्त रडला? मी एवढंच म्हणालो, ‘‘पोर मले द्या. अन् तुमच्या घरी माह्या घरचा एक दाना आता येनार नाई.’’ अकोटवाल्यांना मुलगी नकोच होती. कुणी आडवं आलं नाही. निघताना महादू धोतराच्या सोग्यात काहीतरी घेऊन दमणीपर्यंत आला. सरूचे तोडे. ‘‘इच्यासाठी राहू द्या,’’ तो म्हणाला, ‘‘अजून नवेच हायेत. एकदाबी उघडा लागले नाई.’’

त्याला महिना होऊन गेला. गंगी तिच्या पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडेच आहे, दोन मांड्यांवर दोन पोरं घेऊन बसते. अंगावर दूध भरपूर आहे तिच्या, दोघांना पुरून उरतं. सरूची लेक आधी घोटभर पिऊन दमायची, आता ओढून पिते आणि सोडवलं की भांडते. भांडू दे. सरू कधी भांडलीच नाही जेवणासाठी, मी तिला हळू खा म्हणालो तर हळू खायची.

तोडे मी पेटीत ठेवले नाहीत. जवारीच्या कणगीवर खुंटी आहे तिथे अडकवलेत, चिंधीसकट. गंगी म्हणते, ‘‘बाबा, काढा ते, मले पाहवत नाई.’’ तिला नाही पाहवत, मलाही नाही पाहवत. पण कणगीत हात घालायचा तर आधी ते बघावं लागतं, आणि ते तसंच राहणार. ही पोर आठ वर्षांची होईल तेव्हा तिला पाटावर बसवून मी ते तिच्या पायाला लावून बघणार आहे, मी नसलो तर गंगी बघेल. चिंधी सोडल्याशिवाय तिचे पाय आत जायला नकोत. आणि ती सरूच्या वयाची होईल तेव्हा अमरावतीच्या त्याच सोनाराकडे न्यायचे, आणि म्हणायचं, बाबा रे, उघड आता. मोडले तरी चालतील.