चंद्रकलाबाईंनी वाचवलेली आई

चंद्रकलाबाईंनी जन्मात एकच मोठं खोटं सांगितलं, आणि तेही पुस्तक हातात धरून. मी तिथेच बसलो होतो.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या बुद्धविहारात रविवारी वंदना झाली की त्या मुलांचा वाचनवर्ग घेतात. निवृत्त शिक्षिका. आधी कान धरणार, मग पिशवीतून गोळी काढून देणार. विहाराची किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही मागे बसतो. आमची पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीत शिकतात. पुस्तकी मराठी त्यांना झेपणार नाही, असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलेलं. त्यामुळे कादंबरीचं एकेक प्रकरण त्या घरून वाचून यायच्या, पोरांच्या बोलीत सांगायच्या आणि मग चर्चा. मी म्हणायचो, "बाई, पोराइच्या हाती पुस्तक देऊन तं पाहा." त्यावर उत्तर ठरलेलं : "गुलाबभाऊ, तुम्ही किल्ली सांभाळा."

कादंबरीतल्या मुलाची आई आजारी होती. बाप तिला नागपूरच्या दवाखान्यात नेतो आणि ती तिथे मरते. वर्गात अगदी पुढे शीतल बसायची, दहा वर्षांची. तिची आई मागच्या दिवाळीत अशीच नागपूरला गेली ती परत आली नाही. ते प्रकरण आलं आणि बाईंनी शीतलकडे पाहिलं. पुस्तकातली आई त्यांनी बरी करून घरी आणली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी कुठे कादंबरी वाचली होती? मीही वाजवल्या.

पण एक खोटं सांगितलं की त्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच. पुढच्या रविवारी कादंबरीतला मुलगा चूल पेटवू लागला, तशी वर्गातल्या सुमेधने बाईंना अडवलं. "माय घरी आली ना, बाई? मंग हा पोरगा काऊन रांधून राहिला?"

"माय माहेरी गेली," बाई म्हणाल्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. मी भडकलोच. "आत्ताच्या आत्ता पोराइले खरं सांगा," म्हटलं. त्या म्हणाल्या, "शीतल किती दिवसांनी हसली, पाहिलं नाही तुम्ही?"

दोन दिवसांनी संध्याकाळी बाई वंदनेला आल्या होत्या, तेव्हा शीतलचा बाप, नितीन, तिला घेऊन विहारात आला. बोरगावच्या कारखान्यातून थेट आला होता, अंगावरचे कपडेही बदललेले नव्हते.

"बाई, पोरगी माह्यासंग बोलून नाही राहिली. म्हणते, पुस्तकातल्या बाबानं मायले टायमावर नेलं, तं ते वाचली. तुमीच उशीर केला. म्या बी डाक्टरनं म्हटलं त्याच दिवशी नेलं होतं, बाई." एवढं बोलून तो गडी आमच्यासमोर रडला.

बाईंनी लगेच पिशवीतून कादंबरी काढली आणि खरं प्रकरण वाचून दाखवलं. शीतलने मान हलवली. "हे तुमी आता बाबासाठी बनवून सांगून राहिल्या."

बाईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं. ओळीखाली बोट ठेवत तिने अख्खं प्रकरण वाचलं, कुठे अडखळली नाही. मग उठून बापाला बिलगली. मला वाटलं, सुटलो.

पण त्यानंतर शीतल वर्गाला आली नाही. रविवारमागून रविवार गेले, तेव्हा बाई तिच्या घरी निघाल्या आणि मला सोबत घेतलं. पोरीने आदराने पाणी दिलं, बसायला चटई टाकली.

"रागावलीस का माझ्यावर?" बाईंनी विचारलं.

"नाही," शीतल म्हणाली. "आई दवाखान्यात होती, तवा सारेच मले सांगत होते, बरी होऊन राहिली, उद्या येते. कोणीच खरं नाही सांगतलं. पुस्तकात तं खरं लिहून होतं, बाई. तुमीच नाही सांगतलं."

परतताना निम्म्या वाटेवर बाई थांबल्या. म्हणाल्या, "गुलाबभाऊ, त्या प्रकरणावर बोलू शकेल अशी माझ्या वर्गात एकच पोर होती. मी तिचंच तोंड बंद केलं."