मॉस्को लावून देणाऱ्या ट्राउटेबाई

वरच्या मजल्यावरच्या ट्राउटे वुटके पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या भांडायला. वय अडुसष्ट, अंगात फुलाफुलांचा एप्रन, हातात बटाटे सोलायची सुरी.

“ए पोरा,” त्या म्हणाल्या. पोरा म्हणजे मी, बावन्न वर्षांचा. “तीन दिवस झाले, तुझ्या खोलीतून भुणभुण येतेय. संगीत असेल तर भिकार आहे. बिघाड असेल तर सोपा आहे. आत येऊ का?”

येऊ का म्हणेपर्यंत बाई आत. बर्लिनच्या बायका परवानगी मागतात ती अशी.

माझी खोली म्हणजे वाइसेनसे भागातल्या बटणांच्या जुन्या कारखान्याचा तळमजला. त्यात चार सिंथेसायझर आणि एकोणीस पेडलं. पेडलं म्हणजे गिटारवाले पायाने दाबतात ते डबे. एक आवाज खरखरीत करतो, दुसरा लांबवतो, तिसरा पुन्हापुन्हा परत पाठवतो. मी त्यांतून सिंथचा आवाज काढायचो. पण जोडणी बदलायची झाली की टेबलाखाली शिरायचं, गुडघे सोलून घ्यायचे, डोकं आपटायचं, आणि बाहेर येईस्तोवर सुचलेली चाल पार उडून गेलेली!

ट्राउटेबाईंनी तारांचा गुंता पाहिला आणि पोट धरून हसल्या. “एवढी मंडळी बोलायला बसलीत आणि मध्ये फळीच नाही? गावभर फोन आणि एक्स्चेंजचा पत्ता नाही, त्यातली गत!”

बाईंनी पूर्व बर्लिनच्या ट्रंक कॉलच्या एक्स्चेंजात हयात घालवली होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, हातात तारा. एका भोकातून काढायची, दुसऱ्यात खुपसायची, आणि म्हणायचं, “जोडते.”

महिन्याभरात त्यांनी मला पॅचबे बांधून दिला. आम्ही त्यालाही फळीच म्हणायचो. भोकांच्या दोन रांगा. वरून आवाज बाहेर पडतो, खालून आत शिरतो. तार घातली नाही तर सिंथ आतल्या आत सरळ स्पीकरशी बोलतो. पेडल लावायचं तर दोन तारा, एक जाणारी, एक परत आणणारी. टेबलाखाली शिरणं संपलं. मी त्यांना मिठी मारली तर म्हणाल्या, “सोड रे, एप्रनला सोल्डर लागलंय.”

पेडलांची नावं मात्र त्यांनी ठेवली, जुन्या फळीवरून जोडायच्या त्या शहरांची. समुद्रासारखा घुमतो तो रोस्टॉक. खरखर करतो तो लाइपझिग, कारण म्हणे ती लाईन कधी स्वच्छ लागलीच नाही. आणि इको म्हणजे मॉस्को. “उत्तर यायचं, पण आरामात.”

दोन वर्षं त्या रोज खाली यायच्या. मी वाजवायचो, त्या जोडायच्या. मी म्हणायचो, तुम्हीच बसा की एकदा. त्या उडवून लावायच्या. “माझं काम तारेचं.” एकदा प्लमचा केक खाता खाता कारण बाहेर पडलं.

एकोणऐंशी साली त्या मॉस्कोची लाईन लागायची वाट बघत होत्या. वाट बघता बघता गुणगुणल्या. लाईन कधीच लागली होती! दोन्हीकडच्या साहेबांनी गाणं ऐकलं. राडत्केबाई नावाची सुपरवायझर होती, नियमांची पक्की. तिने सगळ्यांसमोर उभं केलं. “वुटके, इथे आवाज गिऱ्हाइकाचा. तुझी फक्त तार.” आणि तीन महिने फळीवरून उचलून नंबर शोधायच्या टेबलावर बसवलं.

“त्यानंतर मी न्हाणीघरातसुद्धा गायले नाही,” ट्राउटेबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं! मी त्या राडत्केला नाही नाही ते बोललो.

“शिव्या नको देऊस. सत्त्याऐंशीची आहे, पांकोला असते. मी दर नाताळाला कार्ड टाकते तिला.” मग थोडा वेळ चमच्याशी खेळत म्हणाल्या, “तिने एकदा माझा आवाज ऐकावा. एवढंच राहिलंय बघ.”

त्याच रात्री मी जूनमध्ये आमच्या अंगणात भरणाऱ्या जत्रेत वाजवणाऱ्यांच्या यादीत बाईंचं नाव लिहून टाकलं. रविवार, दुपारी चार, ट्राउटे वुटके. आणि बाईंना न सांगता राडत्केबाईंना पांकोला आमंत्रणही धाडलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला यथेच्छ झापलं आणि संध्याकाळी सरावाला बसल्या.

तीन आठवडे खपून त्यांनी एक जोडणी बसवली. सत्तावीस तारा. रोस्टॉकचा आवाज लाइपझिगमध्ये, तो फिरून मॉस्कोत, मॉस्कोचा अर्धा पुन्हा रोस्टॉकात. कुठली तार कुठे, हे चुकतमाकत सापडलेलं. मी म्हटलं, कागदावर लिहून ठेवूया. “कागदावर नवशिके लिहितात!” ही ऐट.

जत्रेच्या दिवशी सिंथ, पेडलं आणि फळी अंगणात आणली, टेबलं मांडली, सॉसेजचा धूर झाला, बटाट्याच्या सॅलडवरून दोन बायकांची नेहमीची जुंपली. साडेतीनला बाईंनी आवाज तपासून घेतला. इतका गोड लागला की सॉसेजवाला चिमटा हातात धरून तसाच उभा राहिला.

तेवढ्यात फाटकातून काठी टेकत राडत्केबाई आल्या. अर्धा तास आधी. वेळेआधी हजर, हा त्यांचा नियमच!

ट्राउटेबाईंनी त्यांना पाहिलं आणि ताडकन उभ्या राहिल्या. आणि उभं राहता राहता दोन्ही हातांनी फळीवरच्या तारा उपटायला लागल्या. सटासट, सटासट. मी ओरडेपर्यंत सत्तावीसच्या सत्तावीस तारा हुकावर लटकत होत्या, अगदी सरळ रांगेत.

“अहो, काय केलंत काय!”

ट्राउटेबाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. “खुर्ची सोडताना फळी रिकामी,” त्या पुटपुटल्या. “तिचाच नियम.” जित्याची खोड म्हणतात ती हीच.

माझं डोकं सणकलं. बोलू नये ते बोललो, म्हातारपण काढलं, कागदावर न लिहिल्याचंही काढलं. बाईंनी नुसतं जिन्याकडे पाहिलं. ही बाई आता जिना चढून वर जाणार आणि पुन्हा कधी खाली येणार नाही, असं मला स्पष्ट दिसलं. पुढच्या रांगेत राडत्केबाई हातावर हात ठेवून बसल्या होत्या.

चार वाजले. ट्राउटेबाईंनी एप्रन झटकला आणि रिकाम्या फळीसमोर बसल्या. सिंथची एकच पट्टी दाबली. आतल्या आत सरळ स्पीकरला गेलेला नुसता, कोरडा सूर निघाला. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मग त्या माइककडे वाकल्या. “ट्रंक एक्स्चेंज. कुठलं शहर हवंय?”

मी मागे उभा होतो, मघाच्या बोलण्याची मलाच लाज वाटली आणि मी बोंबललो, “रोस्टॉक!”

“जोडते.” दोन तारा. अंगणभर समुद्र पसरला.

“लाइपझिग!” सॉसेजवाला ओरडला.

“लाईन खराब आहे हं, आधीच सांगते. जोडते.” खर्रर्र! पोरंटोरं खिदळली. आता जो तो ओरडायला लागला. सॅलडवाल्या दोघी एकदम म्हणाल्या, “रोस्टॉकला लाइपझिगशी बोलू द्या!” बाई तारा खुपसत होत्या, पट्ट्या दाबत होत्या, आणि तीन आठवड्यांत जे सापडलं नव्हतं ते त्या अंगणात सापडत होतं.

“मॉस्को का नाही लावत?” कुणीतरी विचारलं.

बाईंचा हात थांबला. त्यांनी समोर पाहिलं. मग मॉस्कोची जाणारी तार सिंथऐवजी माइकच्या भोकात खुपसली. “वाट बघावी लागेल,” म्हणाल्या. आणि वाट बघता बघता गुणगुणल्या.

तो आवाज गेला, आणि आरामात परत आला. पुन्हा आला. म्हातारा, थोडा कापरा, पण सुरात! मी तोंड वळवून डोळे पुसले, उगाच खोटं कशाला सांगू.

शेवटी टाळ्या पडल्या. ट्राउटेबाई उठल्या आणि उठता उठता हात पुन्हा तारांकडे गेला. मॉस्कोतून त्यांचं गुणगुणणं अजून परत येतच होतं.

पुढच्या रांगेतून काठी जमिनीवर आपटली.

“राहू दे, वुटके,” राडत्केबाई म्हणाल्या. “अजून बोलणं चालू आहे.”

ट्राउटेबाईंनी हात मागे घेतला आणि परत खुर्चीत बसल्या.